भिंतीचं चांदणं

चंद्राला स्वतःचा उजेड नसतो, हे कळल्यामुळे रंगवाल्याचा काय फायदा व्हायचा होता, ते आधी मांडून टाकू. एक तर समोर राहणाऱ्या भावजींना, म्हणजे सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला, आयुष्यात पहिल्यांदा निरुत्तर करता येणार होतं. शिवाय जर्दाळू रंगाचे जे डबे कोणी उचलत नव्हतं, ते कुठेतरी लागणार होते. आणि खरा फायदा, ज्याच्यासाठी बाकीची सगळी खटपट, तो म्हणजे भावजींच्या खोलीवरचा माळा त्याला मिळणार होता. तोट्याचा विचार त्याने केला नव्हता. फायद्याचा करतानाच त्याला धाप लागली होती.

त्या माळ्यावर त्याचा डोळा जुना. त्याचं दुकान चिंचोळं. डबे जिन्याच्या पायऱ्यांवर, डबे पलंगाखाली, डबे न्हाणीघराच्या दाराशी. घरातली माणसं तिरकी चालायला शिकली होती. आणि समोर, चार पावलं रुंद गल्लीपलीकडे, तो कोरडा, लाकडी, ऐसपैस माळा. वर चढायला शिडी, छपरात एक काच, त्या काचेतून थेट खाली येणारं ऊन. पण तिथे त्याची बहीण बसायची. काचेखाली चटई टाकून ती लोकांचे स्वेटर विणून द्यायची, आणि अख्ख्या घरात तिला कोणी हाक मारून उठवू शकत नसे अशी ती एकच जागा होती, कारण हाक मारणाऱ्याचे गुडघे शिडी चढायला तयार नसत.

रंगवाल्याने माळा मागून पाहिला होता. भावजी रफूगार. "रंगाचा वास लोकरीत बसला की जन्मात जात नाही," एवढं बोलून ते सुईत दोरा ओवायला लागत. पुढचं बोलणं दोरा ओवून होईपर्यंत थांबायचं, आणि दोरा त्यांना हवा तेवढा वेळ ओवता यायचा.

तर चंद्राची भानगड अशी. भूगोलाच्या बाई दुकानात आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ झाला होता, पण गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्या आल्या की दुकानदार अजूनही उभे राहत.

"या बाई. काय देऊ?"

"चंद्रासाठी रंग दे. छोटा डबा पुरे." वाचनालयातल्या प्रदर्शनासाठी त्या कागदाच्या लगद्याचा एक गोळा करत होत्या.

"चंदेरी देतो. लोकांचे डोळे दिपतील असा."

"चंदेरी नको. जुना डांबरी रस्ता असतो ना, उन्हाने विटलेला, तसला करडा दे."

"चंद्र? डांबरासारखा?"

"तसाच काळपट आहे तो. भोवती अंधार असतो म्हणून उजळ दिसतो, एवढंच. सूर्याचा उजेड त्याच्यावर पडतो, त्यातला आठातला एखादा हिस्सा तो परत पाठवतो. बाकीचा गिळून बसतो. सातवीत शिकवलं होतं मी तुला हे."

"मागच्या बाकावर होतो बाई. ऐकू आलं नसेल."

"सातवीत तू दोनदा होतास. दोन्ही वेळा शिकवलं होतं."

रंगवाल्याने विषय पुढे ढकलला. "म्हणजे चांदणं म्हणजे ऊनच म्हणायचं?"

"ऊनच. चंद्रावर आपटून आलेलं."

"पण लोक तर चंद्राचा उजेड म्हणतात. सूर्याचा कोणी म्हणत नाही."

"म्हणत नाहीत खरं," बाई म्हणाल्या आणि पिशवी शोधायला लागल्या.

रंगवाला मात्र तिथेच अडकला. माल सूर्याचा, नाव चंद्राचं. अशी सोय जगात आहे, ती कायम चालत आली आहे, आणि आपल्याला कोणी सांगितली नाही! त्याची नजर दाराबाहेर गेली. त्याच्या दुकानाची बाजूची भिंत दिवसभर उन्हात असायची, पांढरीधोप. आणि तिच्यासमोर भावजींची खिडकी. त्या खोलीत ऊन कधी शिरत नसे, खोलीचं तोंडच उलट्या बाजूला होतं. भावजी ज्या उजेडात रफू करत, तो सगळा या भिंतीवर आपटून आत गेलेला. रंगवाल्याला घाम फुटला. बाईंना त्याने करडा डबा दिला, पैसे पुरे घेतले, आणि दुकानाला नुसती कडी लावून तो गल्ली ओलांडून गेला.

भावजी खिडकीशी बसले होते. पुढ्यात बँडमास्तरांचा हिरवा कोट होता आणि बँडमास्तर स्वतः स्टुलावर बसून त्या कोटाकडे आजारी मुलाकडे बघावं तसं बघत होते. खिळ्याला अडकून पाठीच्या मधोमध रुपयाएवढं भोक पडलं होतं.

"दुसरीकडे कुठेही पडलं असतं तर मी आलो नसतो," बँडमास्तर सांगत होते. "पण माझा धंदाच पाठीचा. बागेत मी बँडकडे तोंड करून उभा राहतो, लोक तासभर माझी पाठ बघतात. रस्त्यात समोरून गेलो तर कोणी ओळखत नाही. पुढे गेलो की मागून नमस्कार करतात."

"कोट जुना आहे," भावजी म्हणाले. "याच्या शिवणीतले आतले धागे मागच्या रफूंतच संपले. आता माझ्याकडच्या लडीतला जुळवावा लागेल. पण कळणार नाही. मी रफू केलेलं मलाही नंतर सापडत नाही."

"भावजी," रंगवाला दारातूनच म्हणाला, "तुम्ही कोणाच्या उजेडात बसता?"

"कोणाच्या म्हणजे? सूर्याच्या."

"माझ्या."

भावजींनी चष्म्यावरून पाहिलं. "तू कधीपासून उगवायला लागलास?"

"थट्टा नको. सूर्य तुमच्या खोलीत आलाय का कधी? लग्न झाल्यापासून एकदा तरी आलाय? तो येतो माझ्या भिंतीवर. भिंत तुमच्याकडे पाठवते. चंद्राचंही तसंच आहे, बाईंना विचारा. त्याच्याकडे स्वतःचं काडीचं नाही, तरी उजेड चंद्राचाच म्हणतात. मग हा उजेड माझ्या भिंतीचा."

"पोस्टमन पत्र आणून देतो म्हणून पत्र त्याचं होतं का रे?"

"पोस्टमन पत्रात काही खरडत नाही. भिंत खरडते. भिंतीचा रंग बदलला की उजेड बदलतो."

"ऊन ते ऊन," भावजी म्हणाले. सुई त्यांनी बाजूला ठेवली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "भिंत त्यात काही घालत नाही आणि त्यातलं काही काढत नाही. जांभळी रंगव नाहीतर पोपटी रंगव. या सुईला फरक पडायचा नाही."

"पडला तर?"

"पडणार नाही."

"पडला तर माळा माझा."

आता शहाण्या माणसाने इथे सुई परत उचलली असती. पण खोलीत गिऱ्हाईक बसलेलं होतं, आणि गिऱ्हाइकासमोर भावजींना मेहुण्यापुढे माघार घेता येत नसे. एकांतात ते रोज घ्यायचे. पैज ठरली. रंगवाल्याने भिंत त्याला हवी तशी रंगवावी. भावजींनी त्या भिंतीच्या उजेडात धागा निवडावा, त्याच उजेडात रफू करावं; धागा बाहेर उन्हात न्यायचा नाही, माळ्यावर काचेखाली धरायचा नाही. मग कोट घालून बँडमास्तर बागेत उभे राहतील. उन्हात रफू दिसलं, तर भिंतीने उजेडात ढवळाढवळ केली असं ठरेल आणि माळा रंगवाल्याचा. नाही दिसलं, तर माळ्याचा शब्द त्याने परत काढायचा नाही.

"माझ्या पाठीवर पैज लावताय," बँडमास्तर म्हणाले.

"तुम्ही निर्धास्त राहा," दोघंही एकदम म्हणाले. या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

शिडी करकरली. अंबाड्यात विणायच्या सुया खोचलेली बहीण खाली उतरली.

"काय लावलंय पैजेवर?"

बँडमास्तरांनी छताकडे बोट केलं.

"कोणाला विचारून?"

"अगं, मी जिंकणारच आहे," भावजी म्हणाले.

"आणि हरलात तर मी कुठे बसायचं? याच्या डब्यात?"

"ताई, तुला खाली जागा आहे की एवढी," रंगवाला म्हणाला.

"खाली तू येतोस, गुंड्या."

गुंड्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या, पण या घरात त्याला दुसरं नाव मिळालं नव्हतं. तो भिंत रंगवायला निघून गेला.

भिंत काळी करायचं आधी त्याच्या मनात होतं. काळ्या भिंतीसमोर भावजी आंधळेच झाले असते आणि पैज तिथल्या तिथे संपली असती. पण काळ्या भिंतीचं रंगाचं दुकान म्हणजे सुतक, आणि काळा रंग खपत होता, तो भिंतीला कोण फासणार? त्याने जर्दाळू काढला. दोन हात दिले. मग डब्यांच्या तळाशी उरलेला खरवडून तिसरा दिला.

दुसऱ्या दिवशी भावजींची खोली जर्दाळूच्या आत बसल्यासारखी झाली. पण त्या उजेडात सगळे फार चांगले दिसायला लागले. कोटाची चौकशी करायला आलेल्या बँडमास्तरांनी भिंतीवरच्या आरशात स्वतःला पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. भावजी हवापालट करून आल्यासारखे टवटवीत दिसत होते. बायकोनेही एकदा त्यांच्याकडे वळून पाहिलं, पण तिचा राग गेलेला नसल्यामुळे तिने ते फुकट घालवलं.

"फरक वाटतोय का काही?" रंगवाल्याने खिडकीतून विचारलं.

"काडीचा नाही," भावजी म्हणाले. आणि त्यांना खरंच वाटत नव्हता, कारण तासाभरात डोळे कुठल्याही उजेडाला सरावतात.

हिरव्या धाग्यांची पेटी माळ्यावर होती. ती बायकोने खाली सोडली, वरून म्हणाली, "शिडीवर नुसतं अर्ध्यापर्यंत या. लडी माझ्याकडे द्या, मी काचेखाली धरून सांगते."

"पैजेत बसत नाही."

"पैजेत माझा माळा बसतो, मी पाहिलेलं बसत नाही?"

"अगं, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व चटईवर घालून त्यावर बसता येतं का, तेवढं सांगा," ती म्हणाली आणि शिडीच्या तोंडावरची फळी लावून घेतली.

भावजींनी कोटावर एकेक लड ठेवून पाहिली. शेवटी दोन उरल्या. दोन्ही कोटात अशा विरघळत होत्या की बोट उचललं तर परत सापडू नयेत. त्यातली एक जरा मऊ होती, सुईतून छान जायची. त्यांनी मऊ घेतली. माणूस एवढा विचार करून एवढी सोपी चूक करतो, याचं नवल वाटू नये. त्यांनी जन्मभर प्रत्येक धागा बायकोकडून माळ्यावरच्या काचेखाली धरून घेतला होता आणि तेव्हाच खात्री केली होती. आता त्यांच्याकडे खात्री होती, काच नव्हती.

काम मात्र त्यांनी असं केलं की बघत राहावं. उभा धागा, आडवा धागा, वीण मोजून वीण. बँडमास्तर कोट न्यायला आले तेव्हा त्यांनी पाठीवरून बोटं फिरवली, चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं.

"होतं कुठे?"

"मला काय विचारता? मलाही सापडत नाही."

रंगवाल्याने कोट खिडकीशी नेला, उलटा केला, सुलटा केला. त्याचा चेहरा जर्दाळू उजेडातही उतरलेला दिसला. कोट कागदात गुंडाळून बँडमास्तर गेले. भावजींनी वर पाहून फळीला सांगितलं, "ऐकलंस? सापडलं नाही कोणाला."

फळीमागून नुसत्या सुया टकटकल्या.

रविवारी सकाळी बागेत लख्ख ऊन पडलं होतं. बाकं भरली. भूगोलाच्या बाई पहिल्या रांगेत छत्री उघडून बसल्या होत्या. बहिणीने एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला भाऊ घेतला होता, आणि कोणाशीच बोलत नव्हती. बँडमास्तर चौथऱ्यावर आले, लोकांकडे वळून वाकले, टाळ्या घेतल्या. मग वळून त्यांनी पाठ दिली आणि छडी उचलली.

हिरव्या पाठीच्या मधोमध, चिकटवावा तसा, एक गोल होता. मोरपिशी. निळसर. शेवटच्या बाकावरून दिसेल असा.

"दिसला!" रंगवाला उठून ओरडला. "दिसला, दिसला!"

बँडमास्तरांना वाटलं, दाद आहे. त्यांनी खांदे आणखी ताणले, त्याबरोबर गोलही ताणला गेला. बाकांवर खसखस पिकली. मग ती वाढली. दाद आणि खसखस यातला फरक पाठीला कळतो म्हणतात. बँडमास्तरांच्या पाठीला तरी नक्की कळला. त्यांनी एक हात मागे नेऊन चाचपलं, आणि अनुभवी माणूस म्हणून तिथल्या तिथे मार्ग काढला: छडी न थांबवता ते सावकाश फिरले आणि लोकांकडे तोंड करून वाजवून घ्यायला लागले. लोकांपुरता प्रश्न मिटला. पण आता पाठ बँडकडे होती. आधी सनईवाल्याचा श्वास चुकला. मग मोठ्या कर्ण्यातून एक आवाज निघाला, तो सुरांपैकी नव्हता. ढोलवाला तेवढा वाजवत राहिला, कारण त्याला लांबचं दिसत नसे.

कार्यक्रम आवरता घेऊन सगळे चौथऱ्यामागे जमले. भावजींनी कोट हातात घेतला, उन्हात धरला, सावलीत धरला. मग मान खाली घालून ते म्हणाले, "हरलो. उजेडात भिंतीचा वाटा असतो."

"मोठ्याने म्हणा," रंगवाला म्हणाला.

"भिंतीचा वाटा असतो! जर्दाळू उजेडात निळं दिसतच नाही. दोन्ही लडी सारख्याच वाटल्या."

"ऐकलंत ना सगळ्यांनी? उजेड माझा! बाई, तुम्ही साक्षी आहात. ताई, माळा संध्याकाळपर्यंत मोकळा करून दे. मी हातगाडी सांगतो."

बहिणीने अंबाड्यातली एक सुई काढली, पाहिली, आणि परत खोचली. भावजींनी तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला, जमला नाही.

बँडमास्तर सदऱ्यावर उभे होते. "एकच विचारतो," ते म्हणाले. "उजेड कोणाचा म्हणालात?"

"माझा," रंगवाला छाती काढून म्हणाला.

"नक्की?"

"चारचौघांत कबूल केलंय भावजींनी."

"बरं झालं. मी उगाच रफूवाल्यांना बोलणार होतो. धागा चुकला तो उजेडामुळे, उजेड तुमचा. मग नवा कोट तुम्ही द्यायचा. हेच कापड, पितळी बटणं, आतून अस्तर."

रंगवाल्याची छाती हळूहळू परत आत गेली. "माझा म्हणजे... अगदीच माझा असं नाही. थोडा वाटा. मी नुसती भिंत आहे हो. ऊन तर सूर्याचं!"

"छे छे," भावजींची मान झटक्यात वर आली. "सगळा तुझाच! सूर्य माझ्या खोलीत आलाय का कधी? लग्न झाल्यापासून एकदा तरी?"

"भावजी, ऊन ते ऊन! भिंत त्यात काय घालणार?"

"खरडते ना भिंत! तूच म्हणालास."

"बाई!" रंगवाला छत्रीकडे वळला. "तुम्हीच सांगा. चंद्र सूर्याचा उजेड जसाच्या तसा पाठवतो ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "जरा पिवळट करून पाठवतो. मोजून पाहिलंय लोकांनी."

"पण म्हणून चंद्राकडे कोणी कधी कोट मागितलाय का?"

"चंद्राने कोणाकडे माळा मागितलेला नाही," बाई म्हणाल्या.

रंगवाला खाली बसला. त्याचे ओठ हलत होते. एका बाजूला माळा आणि कोट, दुसऱ्या बाजूला माळाही नाही आणि कोटही नाही. बटणांशी येऊन तो अडला. पितळेची होती, दोन रांगा होत्या, आणि बाह्यांनाही होती.

"उजेड सूर्याचा," तो शेवटी म्हणाला, जड डबा जमिनीवर टेकवावा तसा. "भिंतीचा काही संबंध नाही. पैज मी सोडली."

"म्हणजे माळा?" बहिणीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नको मला माळा."

"मग चूक यांची," बँडमास्तरांनी मोहरा भावजींकडे वळवला. "उजेड सूर्याचा, सूर्य बरोबर, म्हणजे तुमचा डोळा चुकला."

"परत करून देतो," भावजी म्हणाले.

"कुठल्या उजेडात?"

बहिणीने पुढे होऊन भावजींच्या हातातला कोट घेतला, घडी केली आणि चालायला लागली. मागोमाग चौघं निघाले, कारण प्रत्येकाचं काही ना काही त्या कोटात अडकलं होतं.

घरी पोचेपर्यंत ती माळ्यावर गेली होती. भावजींचं जाकीट, जे त्यांनी सकाळी घाईत शिडीच्या खुंटीवर टांगलं होतं, तेही कोटाबरोबर वर गेलं होतं, आणि मुख्य म्हणजे शिडीही वर ओढलेली होती. वरून धागा कापल्याचा बारीक आवाज येत होता. ती जुनं रफू उसवत होती.

"अगं," भावजींनी छताकडे पाहून हाक दिली, "पाहुणे आलेत. चहा टाकतेस ना?"

"काचेवर ऊन आहे तोवर मी उठणार नाही. बाहेर प्या."

"माझं पाकीट तुझ्याकडे राहिलंय. जाकिटात."

"असू दे. माळ्यावर कोरडं राहतं."

चौघं कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे गेले. रंगवाल्याला चहा पिऊन झाल्यावर आठवलं की गल्ल्याची किल्ली दुकानात आहे आणि दुकानाला आज सुट्टी आहे. बँडमास्तर तर फिर्यादी; फिर्यादीने खर्च करावा असं कोणी सुचवूही शकत नव्हतं.

तर झालं ते असं. रंगवाल्याचा माळा गेला, पण तो त्याचा कधी नव्हता, आणि जर्दाळूचे डबे मात्र संपले. बँडमास्तरांना जुनाच कोट नव्यासारखा होऊन मिळायचा होता. भावजींची एका गोलाएवढी अब्रू गेली, तेवढीच त्यांनी पैजेवर लावायला हवी होती. बहिणीला माळा मिळाला, तो तिचाच होता, आणि त्याच्यासोबत नवऱ्याचं उसवून पुन्हा करायचं काम मिळालं. चारही चहांचे पैसे भूगोलाच्या बाईंनी दिले. त्यांना यातून काहीच मिळायचं नव्हतं. त्यांनी फक्त चंद्राबद्दल विचारलं तेव्हा खरं सांगितलं होतं.